रात्रीचें छायाचित्र व साधा कॅमेरा

गेल्या नाताळच्या आदल्या रात्रीं आमच्या मंडळीची मेणबत्त्यांची उपासना होती. विजेचे दिवे मालविण्यांत आले. व्यासपीठाजवळच्या एका मेणबत्तीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशा ज्योती हातोहातीं पेटत शेवटच्या बाकापर्यंत गेल्या. सर्व मंदिर मंद, सोनेरी प्रकाशानें भरून गेलें आणि प्रार्थनेसाठीं माना लवल्या. इतक्यांत पुढल्या रांगेंतून एक पांढरा झगझगाट झाला, मागून दुसरा, डावीकडून तिसरा. लहान मुलें दचकलीं, वृद्धांनीं डोळ्यांवर हात धरले, आणि ज्या प्रकाशाची आठवण राहावी म्हणून हे कॅमेरे बाहेर निघाले होते तो प्रकाशच क्षणभर नाहींसा झाला. दुसऱ्या दिवशीं तीं छायाचित्रें आम्हीं पाहिलीं. त्यांत पांढरेफटक चेहरे होते, पाठीमागें काळोख होता. मेणबत्त्यांचा उजेड मात्र कोठेंच नव्हता.

ह्या प्रसंगावरून कांहीं विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावे असें आमच्या मनांत आलें. आमचें मत थोडक्यांत असें कीं, रात्रीचें चांगलें छायाचित्र घेण्यास महाग कॅमेरा लागत नाहीं, स्थैर्य व धीर लागतो. आणि फ्लॅश हा रात्रीच्या चित्राचा मित्र नसून बहुधा वैरीच असतो.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळांत आमची आई ओसरीवर कागदी ताऱ्याच्या तांबूस उजेडांत नातवंडांना गोठ्याची गोष्ट सांगत बसली होती. तो देखावा आम्हांस फार गोड वाटला. आम्हीं घाईनें कॅमेरा आणला, कळ दाबली, फ्लॅश चमकला व आम्ही समाधानानें आंत गेलों. पुढल्या नाताळास आई नव्हती. तें चित्र आम्हीं काढून पाहिलें तों आईच्या चष्म्याच्या दोन्ही कांचा पांढऱ्या पडल्या होत्या. डोळे दिसतच नव्हते. तारा फिक्कट झाला होता आणि भिंतीवर नुसती चकाकी होती. कॅमेरा बिघडलेला नव्हता. पांच मिनिटें थांबावयास आम्ही तयार नव्हतों, इतकेंच.

आतां असें कां होतें तें पाहूं. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो. ३ मीटरांवर जेवढा उजेड पडतो त्याचा चौथाच भाग ६ मीटरांवर पडतो, आणि १२ मीटरांवर तर सोळावा. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश ३-४ मीटरांपलीकडे फारसा उपयोगी पडत नाहीं. म्हणून स्नेहसंमेलनांत मागच्या खुर्चीवरून रंगभूमीचें चित्र घेणाऱ्यास पुढल्या मंडळींच्या टाळक्यांचें चित्र मिळतें! शिवाय फ्लॅश पेटला म्हणजे कॅमेरा आपलें शटर फार थोडा वेळ उघडें ठेवतो. तेवढ्या वेळांत पणतीचा किंवा मेणबत्तीचा मंद प्रकाश आंत उतरूंच शकत नाहीं.

दुसरें कारण कॅमेऱ्याच्या शरीराचें आहे. सामान्य लहान कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारा पट्टा सुमारें ६ मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन-तीन तांदुळाचे दाणे शेजारीं ठेवले असतां जेवढी जागा व्यापतील तेवढाच असतो. मोठ्या, महाग कॅमेऱ्यांत तोच ३६ व २४ मिलिमीटर असतो. त्याचें क्षेत्रफळ सुमारें तीसपट. लहान भांड्यांत पाऊस कमी सांठतो, तसेंच हें आहे. परंतु लहान भांडें अधिक वेळ पावसांत ठेवलें तर तेंहि भरतें, आणि ह्या एका वाक्यांत रात्रीच्या छायाचित्रणाची सारी विद्या आली.

अधिक वेळ म्हणजे किती? मेणबत्त्यांच्या उजेडांत कधीं अर्धा सेकंद, कधीं एक सेकंद, अंधाऱ्या रस्त्यावर चार-आठ सेकंदहि. सेकंदाच्या तिसाव्या भागाहून अधिक वेळ कॅमेरा हातांत स्थिर राहणें कठीण, कारण आपला श्वासहि त्यास हालवितो. म्हणून तो हातांत धरूंच नये. ट्रायपॉड नसेल तर बाक, कठडा, खिडकीचा कट्टा, वहींची चळत, किंवा तांदुळाची लहान पिशवी ह्यांवर तो टेकवावा. कळ दाबतांनाहि धक्का बसतो. त्यासाठीं कॅमेऱ्यांत २ किंवा १० सेकंदांची आपोआप कळ असते, ती लावून हात मागें घ्यावा. फ्लॅश बंद करावा. रात्रीच्या देखाव्याची चंद्र-ताऱ्याची खूण असेल तर ती लावावी. दूरचें जवळ आणणारी झूम वापरूं नये. कारण पुष्कळ लहान कॅमेऱ्यांत झूम पूर्ण ताणली असतां भिंगांतून येणारा प्रकाश एक चतुर्थांशाहूनहि कमी होतो. कॅमेरा टेकविलेला असेल तर आयएसओचा आंकडा १०० किंवा २०० च ठेवावा; तो वाढविल्यास चित्रांत रांगोळी सांडल्यासारखे ठिपके येतात.

वेळहि निवडावी. रात्रीचें सर्वांत सुंदर चित्र पुष्कळदां मध्यरात्रीं मिळत नाहीं, तर दिवेलागणीला मिळतें. सूर्यास्तानंतर सुमारें २०-२५ मिनिटांनीं आकाश गर्द निळें असतें व घरांतले दिवे लागलेले असतात. तेव्हां दोहोंचा प्रकाश तोलांत येतो. चंद्राची गोष्ट मात्र उलट आहे. तो रात्रीं दिसत असला तरी त्याच्यावर ऊन पडलेलें असतें. म्हणून त्यास थोडाच वेळ पुरतो, नाहींतर नुसती पांढरी टिकली उमटते.

ह्या कलेंत धीराचें महत्त्व फार जुनें आहे. १८३८ सालीं पॅरिस येथें दागेर ह्यानें एका गजबजलेल्या रस्त्याचें चित्र घेतलें. त्यास कांहीं मिनिटें लागलीं. धांवत्या गाड्या व चालती माणसें ह्यांचा मागमूसहि त्यांत उमटला नाहीं. उमटला तो जोडे पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिलेला एक मनुष्य. पुढें १९३० च्या सुमारास त्याच शहरांत ब्रासाई नांवाचा कलावंत रात्रीचीं चित्रें घेत असे. शटर किती वेळ उघडें ठेवावयाचें हें तो जळत्या सिगारेटीवरून मोजी. आमच्या विद्यार्थ्यांनीं मनांत आंकडे मोजावे. तेवढ्यानें काम भागतें!

आतां कोणी म्हणतील कीं, २०१८-१९ पासून कांहीं मोबाइल फोनांतच अशी योजना आली आहे कीं, अनेक चित्रें एकावर एक जुळवून ते रात्रहि उजळून दाखवितात. मग हा खटाटोप कशाला? ज्याच्याजवळ तसा फोन आहे त्यानें तो अवश्य वापरावा. विज्ञानाशीं आमचें भांडण नाहीं. परंतु पुष्कळ वेळां ह्या चित्रांत रात्रीचा दिवस होतो. अंधार हा रात्रीच्या देखाव्यांतील दोष नव्हे, तो त्याचा भाग आहे. काळोख असतो म्हणूनच लहानशा ज्योतीस अर्थ येतो. जें जसें दिसलें तें तसें दाखविणें हा छायाचित्रकाराचा सत्यधर्म आहे असें आम्ही समजतों.

फ्लॅशमुळें इजाहि होते. अकोले तालुक्यांत भंडारदरा, पुरुषवाडी ह्या भागांत मे अखेरीस व जूनमध्यें झाडें काजव्यांनीं लुकलुकूं लागतात. तो लुकलुकाट काजव्यांची जोडीदारास घातलेली साद असते. तेथें फ्लॅश व विजेऱ्या चमकविल्यानें त्या सादेंत व्यत्यय येतो. ज्याचें कौतुक करावयास गेलों त्यालाच त्रास दिला, असें होऊं नये.

पालकांना एक विनंती आहे. “आमच्याकडे चांगला कॅमेरा नाहीं” असें मुलांच्या तोंडून ऐकून कित्येक आईबाप हप्त्यांनीं महाग वस्तू घेतात, व तो हप्ता पुढें फीच्या वेळीं टोंचतो. पंधरा वर्षांपूर्वीं घरोघरीं आलेले लहान कॅमेरे आज कपाटांत धूळ खात आहेत. त्यांतला एखादा काढा, बॅटरी चालते कीं नाहीं पाहा, आणि मुलाच्या हातीं द्या. मुलांनो, तुम्हीहि हें ध्यानांत ठेवा कीं, साधनाची लाज वाटणें हें कलेच्या मार्गांतील पहिलें धोंड आहे.

हें आम्ही उगीच लिहीत नाहीं. त्याच मेणबत्तीच्या रात्रीं नववींतील एक विद्यार्थी मागच्या माळ्यावर बसला होता. त्याच्याजवळ वडिलांचा जुना, कोपरा चेपलेला कॅमेरा होता. त्यानें घडी केलेला रुमाल कठड्यावर ठेवला, त्यावर कॅमेरा टेकविला, २ सेकंदांची कळ लाविली आणि स्वतः डोळे मिटून प्रार्थनेंत सामील झाला. त्याचें चित्र आम्हीं पाहिलें. जीं मुलें हाललीं त्यांचे चेहरे पुसट आले आहेत. कोपऱ्यांत थोडे ठिपकेहि आहेत. पण प्रत्येक ज्योत तेथें आहे, आणि ज्या वृद्ध मंडळी शांत उभ्या होत्या त्यांच्या मुखांवरचा उजेडहि आहे. तें पाहतांना आम्हांस आमच्या ओसरीवरचा तारा आठवला.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, पुढील नाताळापासून मेणबत्त्यांच्या उपासनेंत फ्लॅश कोणींहि वापरूं नये. दोन-तीन विद्यार्थ्यांस आधींच माळ्यावर जागा नेमून द्यावी, त्यांनीं कॅमेरे टेकवून चित्रें घ्यावीं, आणि तीं सर्व कुटुंबांस द्यावीं. बाकीच्यांनीं हातांत मेणबत्तीच धरावी. दिवा मापाखालीं झांकूं नये हें आपण लहानपणापासून ऐकत आलों. तो दुसऱ्या झगझगाटाखालींहि झांकूं नये, एवढीच त्यास आमची पुस्ती आहे.