चाकांवरचे स्वयंपाकघर

निवृत्तीला दोन वर्षे उरली, की माणसाला आधी गुडघे आठवतात, मग देव आणि शेवटी जग. पहिल्या दोहोंचा खर्च बेताचा असतो. गुडघ्यांना तेल पुरते, देवाला फुले पुरतात. जग मात्र महाग पडते. आणि हल्ली तर ते बघायला माणूस आपले घर बरोबर घेऊनच निघतो म्हणे! या वाहनाला कोणी कॅराव्हॅन म्हणतात, कोणी मोटरहोम. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळे असते. नसतो तो फक्त शेजार.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की निवृत्तीच्या पैशांतून हे प्रकरण विकत घेऊ नये. चार दिवस भाड्याने घेऊन हौस फेडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. हौसेला मोल नसते, पण भाडे असते, आणि ते एकदा दिले की सुटका होते. माझे भांडण आहे ते फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनची विकलेली रक्कम एकत्र करून तिला चार चाके लावायला निघालेल्या सज्जनांशी.

असे एक सज्जन आमच्याच शाखेत आहेत. डिंगोऱ्याला वडिलोपार्जित घर, घरापुढे ऐसपैस ओटा, मागे चार कांद्याची वाफे, आणि दारावरून कल्याण-नगर रस्ता. त्या रस्त्याने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या माळशेजकडे जाताना पाहिल्याचा हा परिणाम असावा. एका रविवारी ते आणि वहिनी पुण्याजवळच्या एका कारखान्यात अशी गाडी पाहायला गेले. मला हिशेबनीस म्हणून बरोबर घेतले. बी.कॉम. माणसाला लोक लग्नात अक्षतांना बोलावतात आणि खरेदीला टक्केवारीसाठी.

कारखान्यातल्या तरुण विक्रेत्याने आम्हाला जादूचे प्रयोग करून दाखवले. बाक ओढला, पलंग झाला. पलंग दुमडला, टेबल झाले. टेबल उचलले, खाली कपाट निघाले. आमचे सहकारी लहान मुलासारखे टाळ्या पिटायचेच बाकी होते. मला काही नवल वाटले नाही. आमच्या जुन्नर भागातल्या किती पिढ्या मुंबईला गिरण्यांत राबल्या आणि दहा बाय बाराच्या खोलीत राहिल्या! त्या खोलीत पलंगाखाली ट्रंका, ट्रंकांवर मुले, आणि रात्री मोरीपर्यंत अंथरुणे. एका जागेचे पाच उपयोग करण्याचा हा प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केला, आणि त्यातून सुटण्यासाठी गावी ऐसपैस ओट्याचे घर बांधले. त्याच ओट्यावर बसून त्यांचा वंशज आता पुन्हा सहा फुटी खोलीची स्वप्ने बघतो, याला प्रगती म्हणावे की पुनर्जन्म?

आधी हिशेब. धरून चाला, की गाडी आतल्या सरंजामासह 30 लाखांना पडली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतल्या गुंतवणुकीची मर्यादा 2023 साली 15 लाखांवरून 30 लाख झाली आणि त्या वर्षी व्याज होते 8.2 टक्के. या दराने 30 लाखांचे वर्षाला 2,46,000 रुपये होतात, म्हणजे महिन्याला 20,500. योजनेच्या पाच वर्षांत 12,30,000. मुद्दल जागच्या जागी. त्यावरचा कर तेवढा वेगळा मोजा.

आता गाडी बघा. आयकराच्या हिशेबात मोटारीला घटत्या शिल्लक पद्धतीने 15 टक्के घसारा धरतात. तोच धरला, तर 30 लाखांची गाडी पाच वर्षांनी सुमारे 13 लाख 31 हजारांची उरते. घसारा आणि बुडालेले व्याज मिळून झाले जवळजवळ 29 लाख. वर्षाला 60 रात्री तुम्ही बाहेर काढल्या (त्या कोणी काढत नाही, चाळिसाव्या रात्री नातवंडे आठवतात), तरी पाच वर्षांच्या 300 रात्री. एका रात्रीला साडेनऊ हजारांच्या वर! यात डिझेल नाही, विमा नाही, टायर नाहीत. आणि सकाळी चादरींच्या घड्या आपल्या आपणच घालायच्या.

हा हिशेब मी तिथेच पावतीच्या पाठीवर करून दाखवला. आमचे सहकारी म्हणाले, “अरे, सगळंच व्याजात मोजायचं नसतं. स्वातंत्र्याची काही किंमत आहे की नाही?”

आहे ना! म्हणूनच तपासून घ्यावी. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर गाडी चालवण्याचा परवाना एका वेळी पाच वर्षांपुरताच मिळतो, असे 2019 सालच्या दुरुस्तीने ठरले. म्हणजे आपले स्वातंत्र्य दर पाच वर्षांनी डॉक्टरांच्या सहीवर चालणार. एवढी लांब गाडी माळशेजच्या धुक्यात वळवायची हिंमत नसेल तर ड्रायव्हर हवा. मग तो झोपणार कुठे? दोघांचा म्हणून घेतलेला पलंग आणि पायथ्याशी ड्रायव्हर, हे चित्र कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसते. कोणी म्हणेल, जुना टेम्पो घेऊ आणि ओतूरच्या सुताराकडून आत फळ्या मारून घेऊ. तेही जमत नाही. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीत असे मनाचे फेरफार करू देत नाही. घरात माळा काढायला फार तर बायकोची परवानगी लागते; इथे परिवहन खात्याची लागते.

“वाटेल तिथे गाडी थांबवायची, वाटेल तिथे झोपायचं!” हे तर या पंथाचे ब्रीदवाक्य. मी म्हणतो, आधी जुन्नर तालुक्यात थांबवून दाखवा. हमरस्त्याच्या कडेला थांबाल, तर रात्रभर कांद्या-टोमॅटोचे ट्रक कानाशी हॉर्न वाजवीत जातील. आडरस्त्याला उसाच्या कडेला थांबाल, तर तिथे बिबट्याचा मुक्काम. आमच्याकडे वनखाते बिबट्यासाठी पिंजरे लावते. माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्रच आहे. उसाच्या बांधावर पिंजऱ्यात आपण आणि बाहेर मोकळा बिबट्या, अशी ही निसर्गसहल! आणि हे थट्टेवारी नेण्यासारखेही नाही. इथला शेतकरी रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जीव मुठीत धरून शिवारात जातो. त्याच शिवारात कोणी हौसेने मुक्काम ठोकला, तर तो त्याला शहाणा म्हणणार नाही.

सरकारचे प्रयत्न मला माहीत आहेत. 2018 साली जुन्नर विशेष पर्यटन तालुका झाला, 2021 साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चांगले आहे. पण अमेरिकेत नि युरोपात या गाड्या चालतात त्या गाडीच्या गुणांवर नव्हे, तळाच्या गुणांवर. तिथे जागोजाग गाडी लावायला तळ, वीज जोडायला खुंटी, पाणी भरायला तोटी, आणि मुख्य म्हणजे मैला रिकामा करायला जागा असते. गाडीत टाक्या दोन. धुण्या-भांड्याच्या पाण्याची एक आणि संडासाची दुसरी. त्या दुसरीला त्यांच्या भाषेत म्हणतात ‘काळे पाणी’. आपल्याकडे ही शिक्षा पूर्वी अंदमानात भोगावी लागे. आता ती ज्येष्ठ नागरिकांनी स्वखर्चाने, घरपोच भोगायची. टाकी भरली की ओतणार कुठे? पिंपळगाव जोग्याच्या जलाशयाकाठी, रोहित पक्षी पाहता पाहता? खालची गावे तेच पाणी पितात, साहेब.

पण एवढे सगळे बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. त्या दिवशी विक्रेत्याने सर्वांत शेवटी, हुकमाचे पान टाकावे तसे, स्वयंपाकघर दाखवले.

“मॅडम, दोन बर्नर, फ्रीज, मिक्सरला पॉइंट. प्रवासातसुद्धा साहेबांना घरचं गरम जेवण!”

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी नळ सोडून पाहिला, बंद केला आणि विचारले, “आणि भांडी कोण घासणार?”

“सिंक आहे ना, मॅडम.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. पण माझा लेख खरे तर तिथेच लिहून झाला होता.

अहो, निवृत्त होतो तो नवरा! त्याला नारळ मिळतो, शाल मिळते, ‘आता विश्रांती घ्या’ असे साहेब भाषणात सांगतात. ती त्या समारंभाला पहिल्या रांगेत बसते आणि घरी येऊन त्याच शालीची घडी घालून कुकर लावते. तिला ना निवृत्तीचे वय, ना पेन्शन. वर्षातून एकदा अष्टविनायकाला नाहीतर कोकणात जायचे, तेवढीच तिची रजा. ओझरच्या भक्तनिवासात तिला पहाटे उठून चहा टाकावा लागत नाही. खानावळीत ताटात वाढलेली भाजी अळणी लागली, तर ती बिनदिक्कत नावे ठेवू शकते, कारण ती तिने केलेली नसते. हा आनंद नवऱ्यांना कळत नाही; ते तो रोज घरी घेत असतात. अशा बाईच्या एकुलत्या एका रजेत ओटा, शेगडी आणि सिंक गाडीत घालून तिच्या मागे पाठवायची, याला प्रवास म्हणत नाहीत. याला बदली म्हणतात. आम्हा बँकवाल्यांना बदलीची निदान ऑर्डर तरी मिळते, आणि ती रद्द करायला युनियनकडे जाता येते.

इथे माझे विरोधक एक सवाल करतील, आणि तो खरा आहे. संडासाचे काय? उत्तर त्याच वहिनींनी परतीच्या वाटेवर दिले. म्हणाल्या, “मला त्या गाडीतलं एकच आवडलं, ते दार.” साठीच्या बाईला एसटीने पाच तास जायचे, तर ती आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. स्थानकावरच्या स्वच्छतागृहाचा वास फलाटापर्यंत आलेला असतो, आत खाली बसायची सोय, आणि गुडघे वाकत नाहीत. 2022 साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, 2023 साली बायकांना अर्धे तिकीट झाले. तिकिटाचा प्रश्न असा सुटत आला, आणि हा तसाच राहिला. तेव्हा स्वच्छ संडासासाठी कोणी गाडी घेतो म्हणाला, तर मी त्याला हसणार नाही.

पण मी त्याला अडवीन. कारण ज्याच्या तक्रारीची कोणी दखल घेईल, असा माणूस तोच आहे. लिहिता-वाचता येणारा, पेन्शनवाला, वेळ मोकळा, अक्षर बरे. तो आपला संडास चाकांवर घालून निघून गेला, की स्थानकावर उरते ती आळेफाट्याला बाजारहाटासाठी आलेली म्हातारी. ती बिचारी कोणाला पत्र लिहिणार? विहिरीचे असेच झाले, शाळेचे असेच झाले. ज्यांना ओरडता येत होते त्यांनी आपापली सोय केली, आणि उरलेल्यांची सोय कोणाच्याच खात्यावर राहिली नाही.

आणि चाकांवर राहण्यात काही अपूर्वाई असेल, तर ती आमच्या भागाला कोणी शिकवू नये. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या तिथल्या राहुट्यांत ठरतात आणि फड ट्रकमधून निघतात. कनात, पेट्या, ढोलक्या, चूल, तान्ही मुले, सगळे त्याच ट्रकमध्ये. ऊसतोडीवाली माणसे बैलगाडीत संसार घालून येतात. मेंढपाळांचा संसार घोड्याच्या पाठीवर जातो. यांतल्या कोणाला विचारा, की बाई, फिरते घर कसे वाटते? ती सांगेल, मुलाची शाळा बुडते, बाळंतपण वाटेत होते, आणि एकदा चार भिंती झाल्या की पुन्हा हलणार नाही. तिची अडचण ती आपली ऐट होते, एवढे तरी ध्यानात असावे.

आमच्याकडून जवळच नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कोकणातून देशावर माल याच वाटेने चढे. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण सगळे बघतात, त्याच्याशेजारी फोटो काढतात. मी लोकांना तिथली कातळात खोदलेली पाण्याची टाकी बघायला सांगतो. घाट चढून आलेल्या कोणाही वाटसरूने प्यावे म्हणून ती कोणीतरी खोदवली. ज्याने खोदवली त्याला स्वतःपुरती पखाल बरोबर नेता आली असती. त्याने तसे केले असते, तर आज तिथे टाके नसते, आणि त्याची पखालही नसती.

तेव्हा फंडाचे पैसे योजनेत ठेवा. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास काढा, नाहीतर सरळ चांगली मोटार भाड्याने करा, व्याजात बसते. वाटेतल्या प्रत्येक स्थानकावर उतरून तक्रारवही मागा आणि स्वच्छतागृहाबद्दल सविस्तर, तारीखवार, सही करून लिहा. वही देत नसतील तर साहेबांकडे जा. जन्मभर काउंटरच्या आतून तक्रारी ऐकल्या, आता बाहेरून करायचा योग आला आहे; तो दवडू नका.

आणि मुक्कामाचे गाव ठरवताना नकाशा वहिनींच्या हाती द्या. ज्या गावी संध्याकाळी त्यांना ‘आज काय करू?’ असे कोणाला विचारावे लागत नाही, ते गाव तीर्थक्षेत्र समजावे. तिथे देऊळ असले तर उत्तमच.