उकिरड्याची दैना

शिंपले वेचणे हे काम आपल्या कल्पनेतील आदिमानवाला शोभत नाही. त्याच्या हातात भाला हवा, समोर मॅमथ हवा. अमेरिका खंडात माणूस कसा आला, याची विसाव्या शतकात रूढ झालेली कथा अशाच नायकाची होती : सुमारे १३,००० वर्षांपूर्वी हिमस्तरांमधल्या मोकळ्या वाटेने, मोठ्या जनावरांच्या मागावर उतरलेला क्लोव्हिस शिकारी. समुद्रकिनारा या कथेत उशिरा येई. जमिनीवरचे अन्न आटल्यावर नाइलाजाने जाण्याची जागा म्हणून.

जॉन अर्लंडसन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने या कथेविरुद्ध आयुष्यभर पुरावा गोळा केला, आणि तो मुख्यतः उकिरड्यांतून. कॅलिफोर्नियालगतच्या चॅनल बेटांवर प्राचीन माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग आहेत. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. इथे बारा हजार वर्षे लागली. सॅन मिगेल बेटावरील डेझी गुहेत माशांची हाडे, हाडाचे गळ आणि समुद्री गवत वळून केलेली दोरी मिळाली. शेजारच्या सांता रोझा बेटावर १९५९ साली सापडलेली मानवी अस्थी सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खूप खाली होती, तरीही ही बेटे मुख्य भूमीला जोडलेली नव्हती. म्हणजे माणूस होडीनेच आला असणार. त्या काळची होडी मात्र सापडलेली नाही. ती अस्थीवरून आणि पाण्यावरून वाचावी लागते. संहितेतील अनुच्चारित वाचण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना ही रीत परकी वाटू नये.

२००७ साली अर्लंडसन आणि सहकाऱ्यांनी ‘केल्प महामार्गा’चा सिद्धान्त मांडला. जपानपासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत प्रशांत महासागराच्या कडेने केल्प या प्रचंड शैवालाची अरण्ये आढळतात, आणि त्यांच्या आश्रयाने मासे, सील, कवचधारी प्राणी. अन्न ओळखीचे, वाट सलग. कल्पना देखणी आहे, आणि म्हणूनच मी तिच्याकडे थोड्या संशयाने पाहतो. तेव्हाचा किनारा आज बहुतांशी पाण्याखाली आहे. पुरावा बुडाला, हे उत्तर फार सोयीचे असते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील पाऊलखुणा २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०२१ साली जाहीर झाले. त्यावर बराच वाद झाला. पण ते कालमापन मान्य केले तर बर्फातील वाट खुली होण्याआधीच माणूस तिथे होता. तो किनाऱ्याने आला, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

मला अर्लंडसन यांचे मोल वाटते ते वेगळ्याच कारणाने. उपेक्षिताला न्याय द्यायचा म्हणजे त्याला निष्पाप ठरवायचे, हा आपल्या समीक्षेचाही नेहमीचा मोह. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कवचे मोजली, तेव्हा हजारो वर्षांत काही जाती सरासरीने लहान होत गेल्याचे दिसले. वेचणाऱ्या हातांनी किनारा बदलला होता. हे त्यांनी लपवले नाही.

आपल्याकडे ओहोटीला खडकावर कालवे काढणाऱ्या बाया कोकणात आजही दिसतात. आपल्या सागरकथांचा नायक बहुधा होडीवरचा पुरुष असतो. चॅनल बेटांवरचे ते ढीग चुमाश लोकांच्या पूर्वजांचे. वाढत्या समुद्राच्या लाटांनी कडे ढासळतात, आणि न वाचलेले थर शिंपल्यांसकट पाण्यात जातात.