माळावरची वेल आणि बाटलीवरचे नाव

गेल्या दिवाळीत जळकोटला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. भाऊबीज आटोपली आणि भाचा मला मोटारसायकलवर बसवून गावाबाहेरच्या माळावर घेऊन गेला. जळकोटचा परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा माळ डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. बालाघाटच्या रांगा इथे उतरत जातात. काळी जमीन थोडी, मुरमाड उतार फार. उतारावर कुणी न लावलेली सीताफळाची झुडपे, खाली सोयाबीन काढून मोकळी झालेली राने, मधूनच एखादी वाडी, एखादा तांडा. भाच्याने खिशातून मोबाईल काढला आणि एक छायाचित्र दाखवले. हिरव्या टेकडीवर आखून लावलेल्या द्राक्षवेली, त्यांच्या मागे धुके आणि मध्ये लाल कौलांचे एक देखणे घर.

"मामा, असंच करावं म्हणलालो. उतार आपल्याकडंबी हाय की. वाइनची द्राक्षं लावतो."

घरी आल्यावर त्याने हाच विषय आईपुढे काढला. अक्काने चुलीपाशी बसूनच विचारले, "दारूचं झाड लावतोस का रे?" आणि चर्चा तिथेच संपली. माझ्या मनात मात्र ती संपली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

छायाचित्रातली टेकडी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाची होती, पण घर स्पॅनिश धाटणीचे होते, आणि त्याला कारण आहे. स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात, बार्सिलोनाजवळ, पेनेदेस नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथल्या तोरेस घराण्याने १८७० साली वाइनचा व्यवसाय सुरू केला. स्पॅनिश यादवी युद्धात, १९३९ साली, त्यांच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. घराण्याने तो पुन्हा उभारला. १९७९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या स्पर्धेत याच घराण्याच्या १९७० सालच्या वाइनने फ्रान्सच्या नामांकित वाइनना मागे टाकले आणि स्पेनकडे पाहण्याची जगाची नजर बदलली.

या घराण्याची लेक मारिमार तोरेस १९७५ मध्ये अमेरिकेत गेली. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, पॅसिफिक महासागरापासून काही मैलांवर, तिने १९८६ साली टेकडीवर वेली लावल्या आणि मळ्याला आपल्या वडिलांचे, डॉन मिगेल यांचे नाव दिले. पुढे समुद्राच्या आणखी जवळ दुसरा मळा केला, त्याला आईचे नाव दिले. पिढ्यान्पिढ्या द्राक्षातच वाढलेल्या या लेकीने नव्या मुलुखात पाय ठेवल्यावर विद्यापीठात जाऊन द्राक्षशेतीचे आणि वाइनचे धडे पुन्हा गिरवले, हे विशेष.

समुद्राजवळची टेकडीच का? वाइनच्या द्राक्षाला गोडीइतकीच आंबटाई लागते. ऊन कडक असले की साखर झपाट्याने चढते, आंबटाई उडून जाते आणि वास फुलायच्या आतच फळ पिकते. पॅसिफिकवरून येणारे धुके दुपार उलटली की त्या टेकड्यांवर उतरते, रात्री गार होतात, फळ सावकाश पिकते. उतारावर पाणी साचत नाही, मुळे खोल जातात. म्हणजे वाइनवाल्याला गारव्यातून मिळतो तो वेळ. आता तर खुद्द पेनेदेसमध्ये तापमान वाढू लागल्याने तोरेस घराण्याने पिरेनीज पर्वताच्या पायथ्याला, सुमारे ९५० मीटर उंचीवर मळे केले आहेत. वेल डोंगर चढू लागली आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे वाइनची खरी सुरुवात १९८०च्या दशकात पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला झाली. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने तिथे फेसाळ वाइन केली आणि ती परदेशी पाठवली. १९९०च्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला परतले. गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी वेली लावल्या आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाइन बाजारात आली. परदेशी घराण्याशी नाते सांगणारा मळा आपल्याकडे आहे तो सोलापूर जिल्ह्यात, अकलूजजवळ. 'फ्रातेल्ली' हा इटालियन शब्द, अर्थ 'भाऊ'. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून २००७च्या सुमारास तो सुरू केला. स्पॅनिश घराणे इथे नाही, पण टेम्प्रानियो ही स्पेनची द्राक्षजात नाशिक जिल्ह्यात लागली आहे.

सोलापूरच्या उन्हात जमते, तर जळकोटच्या माळावर का नाही? भाच्याचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याआधी माझ्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

माझ्या एका मावसभावाने औशाकडे दोन एकर वाइनची द्राक्षे लावली होती. राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आले, तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या लातूरचेच विलासराव देशमुख. करात सवलती मिळाल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क निघाले. गावोगाव बोलबाला झाला. मावसभावाने एका कंपनीशी करार केला, बँकेचे कर्ज काढले, लोखंडी अँगल आणि तारा ताणून मांडव केला. पहिली दोन पिके उचलली गेली. मग २००८ची जागतिक मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइन टाक्यांतच राहिली. कंपनीचा माणूस फोन घेईना. हा माल मोंढ्यात कुणी विचारीना, कारण वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. ते टोपलीत घालून विकता येत नाही आणि त्याचा चांगला बेदाणाही होत नाही. खाण्याच्या द्राक्षाला दहा गिऱ्हाइके, याला एकच. ते एक गेले की सगळे गेले. मावसभावाने पुढच्या उन्हाळ्यात कुऱ्हाड लावून बाग तोडली. कर्ज फेडायला त्याला सहा वर्षे लागली.

या गोष्टीत दोष कुणाचा, हे शोधायचे मी सोडून दिले आहे. पण फरक कुठे आहे ते मला दिसते. कॅलिफोर्नियातल्या त्या टेकडीवर वेलही त्याच घरची, टाकीही त्याच घरची आणि बाटलीवरचे नावही त्याच घरचे. वाईट वर्ष आले तर वाइन तळघरात ठेवून ते घर थांबू शकते. वेल लावल्यापासून भरवशाचे पीक यायला तीन-चार वर्षे, पुढे लाल वाइन मुरायला आणखी वर्ष-दोन वर्षे. ही वाट पाहण्याची ताकद पिढ्यांच्या भांडवलातून येते. आमच्या मावसभावाकडे वेल होती, पण टाकी नव्हती आणि नावही नव्हते. वाट पाहण्याचे व्याज मात्र त्याच्याच खात्यावर चढत होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. युरोपातली वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वर्षात एकदाच तिची छाटणी होते. आपल्या उष्ण हवेत वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, अशी दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिल छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीत पुढच्या घडाची घडण होते. म्हणजे पुढच्या मार्चचे द्राक्ष या मे महिन्याच्या पाण्यावर ठरते. आणि मे महिन्यात आपल्याकडे काय असते, हे लातूरकरांना सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती पिण्यासाठी. दुष्काळाने स्पेनलाही सोडलेले नाही. २०२४ साली कॅटालोनियात पाण्याची आणीबाणी जाहीर झाली आणि तिथल्या 'फ्रेशनेट' या बड्या फेसाळ वाइनच्या कंपनीने ६१५ कामगारांना तात्पुरती सक्तीची रजा देण्याची घोषणा केली. पिढ्यांची पुण्याई असलेल्यांची ही गत, तिथे दोन बोअरच्या भरवशावर बसलेल्या भाच्याची काय कथा?

आता अक्काचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेणार नाही. दारूने बसलेली घरे प्रत्येक गावात आहेत आणि त्यांचा हिशेब बायकांनाच द्यावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे केले गेले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, वादळ उठले आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात वाइन म्हणजे दारू की नाही, यावर खूप शाई खर्च झाली. बाटली विकली गेल्यावर द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातात किती पडते, हे फारसे कुणी विचारले नाही. दरम्यान डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाच्या वाइनवरचा १५० टक्के आयातकर टप्प्याटप्प्याने उतरू लागला आहे आणि युरोपीय संघाशी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या बोलण्यांतही वाइनचा मुद्दा होताच. म्हणजे नव्याने उतरणाऱ्याला आता सोनोमाशी आणि पेनेदेसशी इथेच, आपल्याच दुकानात झुंजावे लागणार.

मग भाच्याने सोयाबीनच करत बसावे काय? २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि शेतकऱ्याने ते त्याखाली विकले. त्यामुळे त्याची तगमग खरी आहे. 'गप्प बस' हे तिला उत्तर नव्हे.

मला वाटते, त्या छायाचित्रातून उचलायचे ते वेगळेच आहे. त्या लोकांनी आपल्या उताराला काय मानवते ते ओळखले, त्यावरची प्रक्रिया आपल्या हातात ठेवली आणि बाटलीवर आपले नाव लावले. आपल्या माळाला काय मानवते, हे माळाने आधीच सांगून ठेवले आहे. सीताफळ पावसाच्या पाण्यावर येते, त्याला मे महिन्यात टँकर लागत नाही. शेजारच्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने 'धारूर ६' हा वाण दिला. आपल्या लातूर जिल्ह्यातही २०२४ मध्ये पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना मानांकन मिळाले आहे. वाइनच्या बाटलीवर 'पेनेदेस' लिहिण्याला जो अर्थ आहे, तोच या मानांकनाला आहे.

अडचण एकच. सीताफळ पिकले की दोन-तीन दिवसांत मऊ पडते, म्हणून तांड्यावरच्या बाया रस्त्याकडेला मिळेल त्या भावाला टोपली रिकामी करतात. त्याचा गर काढून गोठवला तर मात्र तो महिनोन्महिने टिकतो आणि आइस्क्रीमवाला, मिठाईवाला तो वर्षभर घेतो. सोनोमाला जो गारवा समुद्र फुकट देतो, तो जळकोटला शीतगृहात विकत घ्यावा लागेल. तो एकट्या भाच्याच्या आवाक्यात नाही, पण पन्नास घरांच्या आवाक्यात येऊ शकतो. नाशिकजवळ मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सोबतच्या द्राक्ष बागायतदारांनी 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांची कंपनी उभी करून हेच दाखवले. माल आपला, पॅकिंग आपले आणि खोक्यावरचे नावही आपले.

निघताना मी भाच्याला एवढेच म्हटले, "मांडवाचे लोखंड आणायच्या आधी गावातली पन्नास घरे मोज." तो काही बोलला नाही. अक्काने मात्र पिशवीत डझनभर सीताफळे घातली आणि बजावले, "उद्याच्या उद्या खा. परवाला राहत नाहीत."