नाडीचा वळ आणि वर्गशिक्षक

कमरेला नाडीचा किंवा लुगड्याच्या गाठीचा काळा वळ नाही, अशी माझ्या वयाची बाई वडगाव निंबाळकरात शोधून सापडायची नाही. खाज आली की खोबरेल, सोललं की हळद. पण वर्षानुवर्षं काचलेल्या जागी एखादी जखम भरेनाशी होते आणि क्वचित तिचा त्वचेचा कॅन्सर होतो. धोतराच्या काचण्याने होणाऱ्या अशाच कॅन्सरबद्दल डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ सालीच लिहिलं होतं. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन बायकांची हकीकत छापली. एकीची जखम अठरा महिने भरत नव्हती. दुसरी लुगडं नेसणारी. तिचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

आमच्या वन्संना हेच निघालं, आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाचा एक डॉक्टर! माझं म्हणणं, डॉक्टर चार लागतातच. कातडीचा डॉक्टर तुकडा काढतो, पॅथॉलॉजिस्ट तो तपासतो, सर्जन कापतो, जखम मोठी असेल तर प्लास्टिक सर्जन, कधी रेडिएशन. पण चौघांनी चार कागद दिले आणि आधी काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही, अशी आमची गत झाली होती.

शाळेत एका वर्गावर सात-आठ शिक्षक येतात, पण हजेरी एकाकडेच असते. तसा एक वर्गशिक्षक डॉक्टर हवा. बहुतेक वेळा तो कॅन्सरचा सर्जन. त्याला सरळ विचारावं, "पुढचं कोण ठरवणार? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा?" यात उद्धटपणा काही नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. सगळीकडे ती सोय नसते, म्हणून विचारायचं.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावं. हॉस्पिटल योजनेत आहे का, मंजुरीला कुठले कागद लागतात, ते तोच सांगतो. गावातल्या डॉक्टरांना सगळ्या कागदांची झेरॉक्स द्यावी, कारण ड्रेसिंग शेवटी तेच करणार. फाईल घरात एकाच्याच हाती असावी. आमच्याकडे धाकट्या सुनेकडे आहे. मोठ्याने बोलणारी माणसं या कामाला उपयोगाची नसतात!

आणि एक बाई हवीच, डॉक्टर नाहीतर निदान नर्स. कंबर आणि जांघ परक्या पुरुषाला दाखवायची म्हणून वन्संनी वर्षभर जखम पदराखाली लपवली. मुलगे दाराबाहेर उभे, मग आत विचारणार कोण? ऑपरेशननंतरही तीच जागा, तीच जांघ पुन:पुन्हा तपासायची असते.

असो. लुगडं सोडा म्हटलं तर वन्संनी मान हलवली नाही. गाठ सैल बांधायला मात्र तयार झाल्यात. फोन करणाऱ्यांना विनंती, आणखी नावं नकोत. मंगळवारी बारामतीला दाखवायला जायचंय, कुणाची गाडी मोकळी असेल तर सकाळी आठला या.