हार्ट अटॅकनंतर अँटीबॉडीचे इंजेक्शन: हृदयाला खरेच संरक्षण मिळते का?

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, कोलेस्टेरॉलही आटोक्यात आले. तरीही काही रुग्णांना दुसरा झटका येतो. त्यामागचे एक कारण म्हणजे शरीरात चालू राहणारा दाह. हा दाह रोखणाऱ्या अँटीबॉडी इंजेक्शनांच्या बातम्या वाचून नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हे इंजेक्शन आमच्या बाबांना देता येईल का?" आजचे उत्तर असे आहे: कल्पनेत तथ्य आहे, पण नेहमीच्या उपचारात हे इंजेक्शन अजून आलेले नाही. असे का, ते समजून घेऊ.

दाह म्हणजे नेमके काय?

पाय मुरगळला की तो सुजतो, लाल होतो. ही शरीराची दुरुस्तीची यंत्रणा आहे. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो, तेव्हा तिथेही पांढऱ्या पेशी धावून येतात, मृत पेशी साफ करतात आणि व्रण तयार करतात. इतका दाह आवश्यकच असतो. तो प्रमाणाबाहेर गेला किंवा लांबला, तर मात्र शेजारच्या चांगल्या स्नायूला इजा होते आणि रक्तवाहिन्यांमधील चरबीचे थर फुटण्याचा धोका वाढतो. दाहाचा संदेश पोहोचवणारे इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ हे रेणू अँटीबॉडीने अडवायचे, ही या उपचाराची कल्पना.

आतापर्यंतचे पुरावे

ऑगस्ट २०१७ मध्ये 'कॅन्टोस' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी हा दाहाचा निर्देशक वाढलेल्या १०,०६१ रुग्णांचा त्यात समावेश होता. त्यांना दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅब ही अँटीबॉडी किंवा औषध नसलेले इंजेक्शन दिले गेले. १५० मिलिग्रॅमच्या डोसने पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. वाईट कोलेस्टेरॉलवर औषधाचा परिणाम झाला नव्हता. म्हणजे फायदा दाह कमी झाल्यामुळेच होता.

पण १५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती? इंजेक्शन न मिळालेल्या १,००० रुग्णांत वर्षाला सुमारे ४५ जणांना असा त्रास झाला. इंजेक्शन घेणाऱ्यांत सुमारे ३९ जणांना. दुसरीकडे, औषध घेणाऱ्यांत जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण वाढले आणि एकूण मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. शिवाय औषध कमालीचे महाग. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने हृदयरोगासाठी त्याला मंजुरी नाकारली.

कोविडमुळे आपल्याकडे घराघरात माहीत झालेले टॉसिलिझुमॅब हे इंजेक्शनही तपासले गेले. नॉर्वेमधील १९९ रुग्णांच्या अभ्यासात (२०२१) झटक्यानंतर काही तासांतच एक डोस दिल्यावर धोक्यातील स्नायूचा थोडा अधिक भाग वाचला. मात्र अंतिम व्रणाच्या आकारातील फरक निर्णायक नव्हता. आता झिल्टिव्हेकिमॅब या नव्या अँटीबॉडीवर, नुकताच झटका आलेल्या सुमारे १०,००० रुग्णांचा 'आर्टेमिस' हा अभ्यास हाती घेण्यात आला आहे. झटक्यानंतर लगेच अशी अँटीबॉडी द्यावी का, या प्रश्नाचा निर्णय अशाच मोठ्या अभ्यासातून होईल.

स्वस्त गोळीचे काय?

गाउटसाठी वापरली जाणारी कोल्चिसिन ही जुनी गोळीही दाह कमी करते. २०१९ च्या 'कोलकॉट' अभ्यासात ती घेणाऱ्या ५.५ टक्के आणि न घेणाऱ्या ७.१ टक्के रुग्णांना पुन्हा हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा त्रास झाला. पण २०२४ च्या सुमारे ७,००० रुग्णांच्या अभ्यासात फायदा आढळला नाही. त्यामुळे ही गोळी सरसकट सर्वांना न देता निवडक रुग्णांनाच दिली जाते. किडनीचा आजार असल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक चालू असल्यास ती धोकादायक ठरू शकते.

आपल्याकडे विशेष काळजी का?

दाह रोखणे म्हणजे प्रतिकारशक्तीचा एक भाग रोखणे. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात. अशा औषधांनी ते जागे होऊ शकतात. मधुमेही आणि वयस्कर रुग्णांत संसर्गाची भीती अधिक. त्यामुळे परदेशातील आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू करता येत नाहीत.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय करावे?

• अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी आणि स्टॅटिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
• 'दाह कमी करणारी गोळी' म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका. हार्ट अटॅकनंतर या वेदनाशामकांनी धोका वाढतो.
• सीआरपी साध्या सर्दी-तापानेही वाढतो. केवळ त्या आकड्यावरून घाबरू नका.
• तंबाखू सोडणे, वजन, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे, रोज चालणे आणि हिरड्यांची निगा राखणे यांनीही शरीरातील दाह कमी होतो.
• कोणी अँटीबॉडी इंजेक्शन सुचवले, तर ते संशोधनाचा भाग आहे का, खर्च कोण करणार आणि क्षयाची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. लेखी संमतीपत्र पूर्ण वाचूनच सही करा.

नव्या औषधाची आशा जरूर ठेवा. पण दुसरा झटका टाळण्याची सर्वात भक्कम साधने आजही रोजच्या गोळ्यांच्या डब्यात आणि आपल्या सवयींतच आहेत.