कुणाचा आवाज ऐकावा?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेरगावचे एक उपदेशक ओळखीच्यांबरोबर रत्नागिरीतल्या आमच्या घरी प्रार्थनेला आले होते. हिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. जाताना हळूच म्हणाले, "ताई, विश्वास असेल तर शुगरची गोळी कशाला? गोळी घेणं म्हणजे देवावर शंका घेणं."

हिने मला न सांगता गोळ्या बंद केल्या. बाराव्या दिवशी पडवीत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात नेलं तर साखर चारशेच्या वर! मी रागावलो, तर म्हणाली, "देवाच्या माणसाला उलट कसं विचारायचं हो?"

मी गप्प झालो. उभा जन्म वर्गात "शंका विचारा, शंका विचारा" म्हणत काढला आणि माझ्याच घरात शंका पाप ठरली होती.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या गुरू. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. एवढी माया, पण न पटलेली गोष्ट त्यांनी मुकाट्याने मानली नाही. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल प्रश्न केले. क्रुसावर लॅटिनच अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. बाईने पुरुषांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेही त्यांना रुचलं नाही. सिस्टरना हा अहंकार वाटला. रमाबाईंनी मात्र विचारणं सोडलं नाही आणि ख्रिस्तालाही सोडलं नाही. पुढे केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायला बसल्या. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम चालू होतं.

कुणी म्हणेल, त्या पंडिता होत्या, आपल्याला कुठलं हिब्रू येतंय? खरं आहे. आपल्याला वडीलधाऱ्यांचं, पाळकांचं ऐकावंच लागतं. पण बिरुयाच्या लोकांची गोष्ट तर आपल्याला ठाऊक आहे (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७). पौलाने सांगितलेलंही ते रोज शास्त्रात पडताळून पाहत, आणि लूक त्यांना नावं ठेवत नाही, कौतुकच करतो. पौलाला जे चालतं ते आजच्या उपदेशकाला का चालू नये?

दुसरी खूण योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. लांडगा आला की मोलकरी पळतो, मेंढपाळ थांबतो. ही दवाखान्यात असताना मी त्या उपदेशकांना फोन केला. "विश्वास कमी पडला," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, पुन्हा उचलला नाही. आमचे पाळक मात्र भर पावसात पेजेचा डबा घेऊन आले. त्यांचं प्रवचन जरा रटाळ असतं, मी कधीकधी पेंगतो. पण त्या दिवशी ते दोन तास खाटेशेजारी बसून राहिले.

म्हणून माझं मत असं झालंय: प्रश्न विचारल्यावर जो चिडतो आणि संकटात जो दिसत नाही, त्याचा आवाज कितीही गोड असो, जपून ऐकावा.

असो. ही आता न्याहारीआधी प्रार्थना करते आणि "आमेन" म्हणून गोळी घेते. नातेवाईकांपैकी कुणाला माझं म्हणणं पटलं नसेल, तर फोन करून खुशाल भांडा. मी उचलेन.