नववा गोळा

लेकीच्या शाळेसाठी सूर्यमाला करायची होती. फोमचे गोळे आणले. घाईत शनीवर स्प्रे पेंट मारला, तर तो डोळ्यांदेखत विरघळू लागला! स्प्रेमधल्या द्रावकापुढे फोम टिकत नाही. मग पोस्टर कलर काढले, गोळे टूथपिकला टोचले आणि ब्रश तिच्याच हाती दिला.

"आई, खरे ग्रह एवढेच लहान-मोठे असतात?" तिनं विचारलं. हिशोब मांडला. पृथ्वी १ सेंटीमीटरची, वाटाण्याएवढी धरली, तर सूर्य १०९ सेंटीमीटरचा, तिच्या खांद्याला लागेल एवढा. दोघांत अंतर ११७ मीटर. नेपच्यून तर साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे दोह्याचा निम्मा कॉर्निश चालून गेल्यावर!

तेवढ्यात सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "आठच गं? आमच्या वेळी नऊ होते."

"२००६ साली प्लुटोला ग्रहांतून वगळलं, आई," मी म्हटलं.

लेक हिरमुसली. "लांब राहतो म्हणून?"

मी नि सासूबाई, दोघीही क्षणभर गप्प. मग सांगितलं, "लांब राहतो म्हणून नाही गं. त्याच्या वाटेवर इतरही पुष्कळ लहान गोल आहेत, म्हणून त्याला बटुग्रह म्हणतात. सूर्याभोवती तो फिरतोच. एका फेरीला २४८ वर्षं लागतात."

"मग आम्ही बरे ना, आजी! दर सुट्टीत येतो."

उरलेला सगळ्यात छोटा गोळा तिनं रंगवला आणि अगदी कडेला टांगला. मी काढायला लावला नाही.